आईच्या सुट्टीचा अर्ज

प्रिय अक्का,

तुझ्या साहेबांचं नाव काय?

हा प्रश्न माझा नाही, तुझ्या आर्याचा आहे. दोन महिन्यांपूर्वी तिनं मला विचारला, हातात पट्टीनं रेघा मारलेला कागद घेऊन. तापात होती तेव्हा तिच्या शाळेत मी रजेचा अर्ज दिला होता ना, तो बघून तिनं एक अर्ज लिहिला होता. ‘माझ्या आईला सुट्टी मिळावी ही नम्र विनंती.’ खाली सही. वर ‘प्रति’ लिहून पुढची जागा मोकळी सोडलेली. म्हणाली, “माऊ, आईच्या साहेबांचं नाव काय लिहू? आणि पत्ता तू टाक. तू शिकलीयास ना.”

घरातली पहिली पदवीधर मी. पदवीच्या काळ्या झग्यातला माझा फोटो तूच हट्टानं काढून घेतला होतास. त्या फोटोखाली बसून मी तो कागद धरून राहिले.  

तुला जाऊन वर्ष झालं. या वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. पोरांना खरं सांगितल्याशिवाय तुला कुठल्या तोंडानं लिहू, असं वाटायचं. आता सांगून झालंय. ते कसं सांगितलं आणि पुढं काय होऊन बसलं, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. म्हणून आज लिहायला बसले.

तू गेलीस त्या पहाटे साताऱ्याच्या दवाखान्यातून आबांचा फोन आला तेव्हा पोरं इथं माझ्या आणि आईच्या मध्ये झोपली होती. तू आजारी पडलीस म्हणून चार दिवसांपूर्वीच त्यांना वाईहून इकडं आणलं होतं. आईनं फोन ठेवला आणि ती खालीच बसली. तेवढ्यात आर्या उठली. आजीचा चेहरा बघितला, माझा बघितला आणि विचारलं, “आई कुठाय?”

आई म्हणाली, “ड्युटीवर गेली बाळा. पप्पांच्या मागं ड्युटीवर गेली.”

अक्का, तो शब्द आईनं शोधून काढला नाही गं. तो आपल्या घरात तयारच होता. आबा फौजेत होते तेव्हा सुट्टी संपली की पहाटे निघायचे आणि आपण झोपलेल्या असायचो. उठून बघावं तर काळी ट्रंक जागेवर नाही. आई सांगायची, आबा ड्युटीवर गेलं. मग रडायचं नाही, तोंड धुवायचं आणि शाळेला जायचं. आठवतं तुला, तू सहावीत असताना आपल्या दोघींच्या रिबिनी जोडून एक टोक तुझ्या मनगटाला आणि दुसरं ट्रंकेच्या कडीला बांधलं होतंस? या वेळी आबांना गुपचूप जाता येणार नाही म्हणून किती खूश होतीस! सकाळी त्या रिबिनी आपल्या उशाशी होत्या. आबांनी त्यांची नीट घडी घातली होती, गणवेशाची घालावी तशी.

मग मला सांग, तूही तेच का केलंस? दाजीही फौजेतलेच; ते निघाले की तूही पोरांना झोपेतच ठेवायचीस. सकाळी आर्याला म्हणायचीस, पप्पा ड्युटीवर गेले. तुला तर ठाऊक होतं ना, त्या रिकाम्या जागेकडं बघून कसं वाटतं?

मी तुला दोष देते, पण त्या पहाटे मी तिथंच उभी होते. सगळ्यांशी वाद घालणारी मी. कॉलेजात ‘मुलांशी खरं बोला’ या विषयावर बोलून कप आणणारी मी. आई ‘ड्युटीवर’ म्हणाली आणि मी गप्प बसले. दिवस उजाडला, गाडी आली, सगळे वाईला निघाले. पोरांजवळ कुणीतरी हवं म्हणून मला मागं ठेवलं. तुझ्या मातीला मी आले नाही, अक्का. तिकडं तुझं सगळं चाललं होतं तेव्हा मी बागेच्या बांधावरच्या आंब्याला दोर टाकून पोरांना झोपाळा बांधून दिला. तुझा शंभू म्हणत होता, अजून उंच. मी देत होते झोके.

आणि तो ताप! दवाखान्यात जायच्या आधी चार दिवस अंगात ताप घेऊन तू डबे घासत होतीस, भिंती झाडत होतीस, कारण दाजी सुट्टीवर येणार होते. फोनवर मला म्हणालीस, जरा कणकण हाय. जरा? माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे.

त्यानंतर सगळं गाव त्या शब्दात सामील झालं. शाळेतल्या बाईंना आईनं सांगून ठेवलं. किराणा दुकानदारसुद्धा शंभूला विचारायचा, काय रं, आई कवा येतीया सुट्टीला? त्याला वाटायचं आपण पोराचं मन राखतोय. मी रोज ठरवायचे, उद्या सांगू. परीक्षा होऊ दे, दिवाळी होऊ दे, शंभूचा खोकला जाऊ दे.

दिवाळीच्या सुट्टीत दोघांना घेऊन वाईला गेले. तुझं घर झाडलं, तुळशीला पाणी घातलं. आर्यानं तिची चित्रकलेची वही तुझ्या कपाटात ठेवली, तू आलीस की दिसावी म्हणून. संध्याकाळी घाटावर गेलो. जिथं तुझी रक्षा सोडली त्याच पायऱ्यांवर पोरं बसली आणि माशांना चुरमुरे टाकत राहिली. शंभूची एक चप्पल पाण्यात गेली. तो ओरडला, हसला, मग दुसरीही टाकू का म्हणाला. मला तिथं सांगता आलं असतं. पाणी समोर होतं, पोरं शांत होती, आजूबाजूला आपलं कुणी नव्हतं. मी काय केलं? बाजारात जाऊन त्याला नवीन चप्पल घेतली.

दर रविवारी मी त्यांना तासगावला नेते. गणपतीचं दर्शन, एक भेळ तिघांत, आणि शंभूला फुगा, जो गाडीत बसायच्या आत फुटतो. हे सगळं छान चालायचं. अडायचं ते स्टँडवर. दाजी नेहमी कराडकडनं येणाऱ्या गाडीनं यायचे, म्हणून आर्या ती गाडी लागली की दाराशी जाऊन उभी राहायची. शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघायची. मग परत येऊन म्हणायची, अजून एक गाडी बघू या. मी म्हणायचे, बघू. आमच्या दोन गाड्या चुकायच्या. चिडण्याचा अधिकार मला नव्हताच.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी असंच परत निघालो. गाडीत गर्दी होती, बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणाऱ्या बायका, त्यांचे डबे. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्याजवळ आले. शंभूला खाकी कपडे दिसले की तो माणूस साहेब वाटतो. तो सीटवर उभा राहिला, सलाम ठोकला आणि म्हणाला, “साहेब, आमच्या आईला सुट्टी द्या की.”

“कुठं हाय रं आई?”

“ड्युटीवर.”

“मग दिली की सुट्टी. उद्या येतीया बघ.”

सगळी गाडी हसली. कंडक्टर चांगले होते, शंभूच्या गालाला हात लावून पुढं गेले. आर्या हसली नाही. तिनं माझ्याकडं मान वळवली आणि हळूच विचारलं, “उद्या कितीच्या गाडीनं गं माऊ?”

मी घंटी मारायला सांगितली. आपलं गाव यायला दोन थांबे होते. आम्ही मध्येच उतरलो, रस्त्याच्या कडेला, एका शेडसमोर. आत जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, बाहेर कुणी नाही. तिथं पडलेल्या सिमेंटच्या पाईपवर दोघांना बसवलं.

भाषणाचा कप मिळवलेल्या तुझ्या बहिणीला तिथं एक धड वाक्य जमलं नाही. म्हटलं, आई ड्युटीवर गेलेली नाही. आई वारली. शंभूला ‘वारली’ कळेना. त्यानं दोनदा विचारलं, म्हणजे? मग म्हटलं, मेली. तुझ्यासाठी तो शब्द मी पहिल्यांदाच वापरला, अक्का. घरात कुणीही वापरला नव्हता.

शंभूनं ऐकलं आणि तो पाईपच्या तोंडात खडे टाकायला लागला. आर्या मात्र बसून राहिली. म्हणाली, “कवा?”

मी सांगितलं, आपण आंब्याला झोपाळा बांधला होता ना, त्या दिवशी.

“आपण खेळत हुतो?”

“हो.”

“अर्ज दिला न्हाईस मग तू?”

“नाही दिला.”

मला वाटलं आता ती रडेल. तिला कसं जवळ घ्यायचं, काय बोलायचं, सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. ती रडली नाही. पायातला मोजा काढून तिनं त्यातली माती झटकली, परत घातला आणि म्हणाली, “मग पप्पा?”

अक्का, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! मी नुसत्या माझ्या खरं बोलण्याच्या विचारात होते. तिच्यासाठी आई आणि पप्पा एकाच ठिकाणी गेलेले होते, एकाच शब्दात. आई तिथं नाही म्हटल्यावर पप्पा तरी कशावरून असतील? तेही झोपेतच गेले होते. मी म्हटलं, पप्पा खरंच ड्युटीवर आहेत, चल, आत्ता फोन लावू. लावला. लागला नाही. दाजी सरहद्दीवर, वर बर्फात होते, तिथं चार-चार दिवस फोनला रेंज नसते. मी पुन्हा लावला. आर्या माझ्या हातातल्या फोनकडं बघत होती आणि मला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

पुढचे चार दिवस तुला कसे सांगू? आर्या जेवेना. शाळेत गेली तरी वही काढेना. मी दाजींची पत्रं दाखवली, फोटो दाखवले. ती म्हणाली, आईचेपण फोटो हायत की.  शंभूची तर वेगळीच तऱ्हा. त्याला नवीन बातमी मिळाली होती. तो गल्लीत दारोदार सांगत सुटला, आमची आई मेली, पप्पापण मेला. शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून धावत आल्या, त्यांच्या मागनं आणखी दोघी, आणि आई चुलीपुढनं उठून बघते तर अंगणात रडारड. दाजींचं काही बरंवाईट झालेलं नाही हे त्यांना पटवता पटवता आबांचा आवाज बसला.

त्या संध्याकाळी आई मला एवढंच म्हणाली, “लय शिकलीस. आता बस उत्तरं देत.”

 खरं बोललं की सगळं सुरळीत होतं असं मला वाटायचं. आपण मुलांना समजावून सांगितलं की ती समजून घेतात, असं मी भाषणात म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या. इथं मी एका लेकराला तिच्या आईचं मरण सांगायला गेले आणि बापही हिरावून घेतला. आईचं खोटं तिला निदान जेवू तरी देत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मी दाजींना एका दमात सगळं सांगितलं आणि फोन आर्याच्या हातात दिला. तिनं ‘पप्पा’ म्हटलंच नाही. म्हणाली, टोपी दाखवा. त्यांनी दाखवली. बूट दाखवा. दाखवले. मग म्हणाली, आज कुठला वार हाय सांगा. फोटो बोलत नाही, वार सांगत नाही, एवढं तिनं तिच्या तिच्या डोक्यानं काढलं होतं. दाजी म्हणाले, शुक्रवार. तेव्हा ती रडली. ताट आणा म्हणाली आणि रडत रडत जेवली.

नंतर दाजी मला म्हणाले, “बारके, तू केलंस ते बरोबर का चूक, मला समजत न्हाई. मला तर एवढंबी जमलं नसतं.”

तुझ्या वर्षश्राद्धाला ते पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन आले. या वेळी पोरांना कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न निघाला, आणि मी काही बोलायच्या आत दाजीच म्हणाले, येतील की. वाईच्या घाटावर दोघं त्यांच्या शेजारी बसली. आर्यानं हात जोडले. शंभूनं विचारलं, आई पाण्यात हाय का? दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता नाही, वाहून गेली. त्यानं विचारलं, कुठं?  मग तोच म्हणाला, सांगलीला. कृष्णा तिकडंच जाते, हे त्याला आबांनी शिकवलेलं आहे.

काल दाजींची सुट्टी संपली. संध्याकाळी बॅग भरून झाल्यावर आईनं पोरांची अंथरुणं लवकर घातली. पहाटेच्या गाडीनं मिरजेला जायचं, तिथनं रेल्वे. आई म्हणाली, “झोपंतच जाऊ दे पाव्हण्यास्नी. पोरं उठली तर आकांत करत्याल.”  दाजींना बोलायचं होतं पण कुणाच्या बाजूनं ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

मी म्हटलं, या वेळी उठवायचं. आई चिडली. तेवढ्यात आबा बोलले. ते कधी मध्ये पडत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणाले, “आमीबी झोपंतच निघायचो. तुमी रडला असता तर माझा पाय निघाला नसता.”

इतकी वर्षं मला वाटायचं ते आपल्यासाठी होतं. आपण रडू नये म्हणून.

“आमी मागनं रडत हुतो, आबा,” मी म्हटलं. “तुमी बघितलं न्हाई, एवढंच.”

 आबा उठले आणि दाजींच्या बॅगेचा पट्टा, जो नीट होता, तो सोडून परत आवळत बसले.

आज पहाटे मी दोघांना उठवलं, अक्का. आईला न विचारता. आर्या हात लावताच उठली, झोपलीच नव्हती बहुतेक. शंभूला उचलून आणला. त्यानं अर्धवट डोळ्यांनी गणवेशातल्या बापाकडं बघितलं आणि विचारलं, “पप्पा, मरायला का ड्युटीला?”

दाजी खाली बसले. “ड्युटीला रं,” म्हणाले. “गणपतीला येतो.”

आम्ही सगळे थांब्यापर्यंत गेलो, आबासुद्धा. गाडी आली तोवर आर्या ठीक होती. दाजींनी पायरीवर पाय ठेवला आणि तिनं बॅगेचा पट्टा धरला. सोडेना. ड्रायव्हर थांबला, लोक खिडकीतनं बघायला लागले. ती जे ओरडली ते मी जन्मात विसरणार नाही. शेवटी तिची बोटं मीच सोडवली. एक एक करून, मीच. गाडी गेली. घरी येईपर्यंत ती रडत होती, आठ वाजेपर्यंत रडत होती. आई माझ्याकडं नुसती बघायची आणि कामाला लागायची. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी बरोबर केलं का, मला माहीत नाही. तू असतीस तर सांगितलं असतंस, किंवा मला वेडी म्हणाली असतीस. पोरांना तुझ्या जागी मी पुरणार नाही, हे मला रोज दिसतं. आर्याची वेणी मला तुझ्यासारखी घट्ट जमत नाही, दुपारपर्यंत सुटते. शंभू अजून झोपेत तुला हाका मारतो आणि मी ‘ओ’ देत नाही, कारण ती हाक माझी नाही. कधी कधी वाटतं, द्यावी का?

तुला फार मोठं वचन द्यायची माझी ऐपत नाही. एकच देते. या घरातनं मी कुठंही निघाले, शेजारी असो की साताऱ्याला, तुझ्या पोरांना सांगून निघेन. ती झोपली असली तर उठवून सांगेन. रडली तर समोर रडू दे.

आज दुपारी मला आर्याच्या वह्या आणायला तासगावला जायचं होतं. ती रडून दमली होती, जागी होती, तिला सांगितलं. शंभू नुकताच झोपलेला. आई म्हणाली, कशाला उठवतीयास, तासाभरात तर येशील. मी उठवला. कानाशी जाऊन म्हटलं, शंभू, मी तासगावला निघाले.

डोळे न उघडताच त्यानं विचारलं, “कवा येनार?”

म्हटलं, पाचच्या गाडीनं.

पाचच्या गाडीनं आले.

तुझी,
बारकी